शरीराचा तोल

१७७४ सालच्या एप्रिल महिन्यात लंडन येथील डॉक्टर जॉर्ज फोर्डाईस यांच्याकडे एक खोली मुद्दाम तापविण्यात आली होती. खोलीत लोखंडाची मोठी शेगडी रसरसत होती आणि उष्णतामापकातील पारा चढत चढत २६० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे सुमारे १२७ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचला होता. पाणी १०० अंशांना उकळते, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या खोलीतील हवेची कल्पना येते. अशा त्या भट्टीत चार्ल्स ब्लॅग्डन नावाचा एक तरुण डॉक्टर आपण होऊन शिरला. हातात मोजे, बुटांवरून गुडघ्यांच्या वरपर्यंत ओढलेले जाड लोकरी पायमोजे आणि शेगडीची धग तोंडावर येऊ नये म्हणून मध्ये धरलेले फडके, एवढीच त्याची तयारी होती. तो आत आठ मिनिटे राहिला. सातव्या मिनिटानंतर त्याची छाती दडपल्यासारखी झाली व जीव घाबरा झाला, म्हणून तो बाहेर आला. त्याची नाडी मिनिटाला १४४ ठोके देत होती. परंतु त्याला काहीही अपाय झालेला नव्हता.

त्याच खोलीत कथलाच्या पत्र्यावर काही अंडी ठेवली होती. ती वीस मिनिटांत पार घट्ट झाली. मांसाचा एक तुकडा ठेवला होता. तो पाऊण तासात करपून कोरडा झाला. भात्याने वारा घातला, तेव्हा तसाच दुसरा तुकडा तेरा मिनिटांतच शिजला. एका कुत्रीला टोपलीत बसवून आत ठेवले होते. टोपली एवढ्यासाठीच, की तिच्या पायांना जमिनीचे चटके बसू नयेत. अर्ध्या तासाने ती शेपटी हालवीत सुखरूप बाहेर आली. खोली एक, हवा एक, शेगडीही एकच. मग मेलेले मांस शिजावे आणि जिवंत मांस शिजू नये, हे कसे?

ब्लॅग्डनला या प्रयोगात आणखीही गमतीच्या गोष्टी दिसून आल्या. उष्णतामापकावर त्याने नुसती फुंकर घातली, की पारा खाली उतरे. बाहेर सोडलेला श्वास नाकपुड्यांना सुखद गार लागे. स्वतःच्याच अंगाला हात लावला, तर ते प्रेतासारखे थंड भासे! याचा अर्थ असा, की बाहेरची हवा उकळत्या पाण्याहून उष्ण झाली, तरी शरीराने आपली उष्णता जवळजवळ पूर्वीच्याच ठिकाणी धरून ठेवली होती.

हे गूढ उकलण्यासाठी ब्लॅग्डनने एक साधी युक्ती केली. त्याने पाण्याची दोन भांडी त्या खोलीत ठेवली. एकातील पाणी उघडे होते, तर दुसऱ्यातील पाण्यावर मेणाचा थर होता. मेणाखालचे पाणी काही वेळाने उकळू लागले. उघडे पाणी मात्र १४० अंश फॅरनहाइटपर्यंत तापून तेथेच थांबले. उघड्या पाण्याची वाफ होत होती आणि वाफ होताना ती पाण्यातील उष्णता बरोबर घेऊन जात होती.

हे वाचताच आपल्याला घरातील माठाची आठवण होईल. माठाच्या अंगातून पाणी पाझरते, त्याची वाफ होते आणि आतील पाणी गार राहते. माणसाचे शरीरही उन्हात असाच माठ बनते. आपल्या त्वचेत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी आहेत. त्यांतून पाझरणाऱ्या घामाची वाफ होते, तेव्हा ती फार मोठी उष्णता शरीरातून ओढून नेते. एक लिटर घाम त्वचेवर सुकला, तर त्यासोबत जाणाऱ्या उष्णतेने पाच-सहा लिटर गार पाण्याला उकळी आणता येईल. येथे 'सुकला' हा शब्द महत्त्वाचा आहे. घाम येऊन तो नुसताच टपटप गळून गेला, तर गारवा मिळत नाही. फोर्डाईस यांच्याकडील दुसऱ्या एका खोलीत पाणी ओतून वाफ केली होती. ती खोली पुष्कळच कमी तापलेली असूनही तेथे शिरलेल्याच्या अंगावरून पाण्याच्या धारा लागल्या, कारण दमट हवेत ते पाणी सुकण्यास वाव नव्हता. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, मुंबईत तो ३४-३५ अंशांवरच असतो. तरीही नागपूरचा पाहुणा मुंबईत येऊन हैराण होतो, त्याचे कारण हेच. पंखाही हवा गार करीत नाही. तो केवळ अंगालगतची ओलसर हवा दूर सारतो.

परंतु उष्णता फक्त बाहेरूनच येते असे नाही. शरीर स्वतःच एक चूल आहे. आपण खाल्लेले अन्न आत सावकाश जळत असते. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस शंभर वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सतत निर्माण करतो. ही उष्णता बाहेर पडण्याची वाट बंद झाली, तर काही एक काम न करताही त्याचे अंग तासाला एक अंशाहून अधिक तापत जाईल आणि चार-पाच तासांतच त्याच्या प्राणाशी गाठ पडेल. तसे होत नाही, कारण मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस नावाचा एक चिमुकला भाग रात्रंदिवस पहारा करीत असतो. त्याच्याजवळून वाहणारे रक्त किती उष्ण आहे, हे त्याला तत्काळ कळते. त्वचेकडूनही त्याला वर्दी मिळत असते. रक्त किंचित तापले, की तो त्वचेतील बारीक रक्तवाहिन्या रुंद करण्याचा हुकूम देतो. आतील उष्ण रक्त त्वचेकडे धावते, चेहरा लाल होतो आणि उष्णता बाहेर टाकली जाते. तेवढ्याने भागले नाही, तर घाम सुटतो.

थंडीत सारे याच्या उलट घडते. रक्तवाहिन्या आकसतात, त्वचा फिकी पडते, अंगावर शहारे येतात. मांजराच्या अंगावर शहारा आला म्हणजे त्याचे केस फुलतात व केसांत उबदार हवा कोंडली जाते. माणसाच्या अंगावर तेवढे केसच उरलेले नाहीत. त्यामुळे आपला शहारा म्हणजे पूर्वजांकडून आलेली एक निरुपयोगी सवय होय. हुडहुडी मात्र उपयोगाची आहे. हुडहुडीत स्नायू भराभर आकुंचन पावतात आणि उष्णता उत्पन्न करतात. थंडी याहूनही वाढली, तर शरीर एक कठोर निर्णय घेते. हातापायांच्या बोटांकडे जाणारे रक्त ते जवळजवळ तोडून टाकते आणि हृदय व मेंदू यांना ऊब पुरविते. हिमालयाच्या शिखरांवर अडकलेल्या गिर्यारोहकांची बोटे हिमदंशाने काळी पडतात, ती यामुळेच. राजाचा जीव वाचविण्यासाठी शिपाई खर्ची पडावेत, तसाच हा प्रकार आहे.

येथे तापाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण त्याविषयी पुष्कळांचा गैरसमज असतो. ताप येणे म्हणजे हा पहारेकरी झोपी गेला, असे नव्हे. रोगजंतूंचा शिरकाव झाला असता तो जाणूनबुजून आपली खूण वर सरकवितो. ३७ अंशांऐवजी ३९ अंश हेच योग्य असे मानू लागतो. मग ३७ अंशांचे अंग त्याला थंड वाटते व तो हुडहुडी भरवितो. अंग तापत असताना रोगी पांघरूण मागतो, याचे रहस्य हे आहे. रोग हटू लागला, की खूण पुन्हा खाली येते आणि घाम फुटून ताप उतरतो. निरोगी माणसाचीही ही खूण अगदी खिळा ठोकल्यासारखी नसते. पहाटे ती थोडी खाली असते, तर सायंकाळी अर्धा-पाऊण अंश वर. नदीचे पाणी वाहते असूनही तिची पातळी तीच दिसावी, तसे हे स्थैर्य आहे. त्यात हालचाल थांबलेली नसते.

ही सारी धडपड कशाचे रक्षण करण्यासाठी चाललेली असते, हे प्रथम स्पष्टपणे मांडले ते क्लोद बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने. तो १८१३ साली जन्मला व १८७८ साली वारला. त्याचा विचार थोडक्यात असा: आपले शरीर तीस लक्ष कोटींच्या घरात भरणाऱ्या सूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. बाहेरची हवा, ऊन, पाऊस यांच्याशी या पेशींचा प्रत्यक्ष संबंध फारसा येत नाही. त्या राहतात एका आतल्या खारट पाण्यात. हे पाणी म्हणजे रक्त व पेशींच्या भोवती झिरपणारा रस. मासा जसा समुद्रात, तशी पेशी या अंतर्गत सागरात. या सागराची उष्णता, त्याचा खारटपणा, त्यातील साखर व प्राणवायू ही ठरलेल्या मर्यादेत राहिली, तरच पेशी जगतात. बेडकाला गारठ्यात सुस्त पडून राहावे लागते. माणूस मात्र राजस्थानच्या वाळवंटातही वावरतो आणि लडाखच्या बर्फातही, कारण तो आपले हवामान आपल्याबरोबर घेऊन फिरतो. पुढे १९२६ साली वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने या गुणधर्माला एक नाव दिले. मराठीत त्याला समस्थिती म्हणतात.

बेर्नारला ही कल्पना केवळ चिंतनाने सुचलेली नव्हती. १८५५ साली त्याने नुकत्याच मारलेल्या प्राण्याचे यकृत घेऊन त्यातून पाणी खेळविले व त्यातील साखरेचा अंश न् अंश धुऊन काढला. दुसऱ्या दिवशी पाहतो, तो त्याच यकृतात पुन्हा साखर! यकृत हे साखरेचे कोठार आहे आणि लागेल तशी ती रक्तात सोडते, हे त्यावरून उघड झाले. आपल्या सुमारे पाच लिटर रक्तात एका वेळी साखर असते किती? अवघी पाच ग्रॅमच्या आसपास. चहाचा एक चमचा म्हणा. एकट्या मेंदूलाच दर तासाला जवळजवळ एवढी साखर लागते. असे असूनही एकादशीचा उपवास करणारा मनुष्य तासाभरात बेशुद्ध पडत नाही, कारण यकृत आपल्या साठ्यातून वाणसामानासारखी मोजून साखर देत राहते. उलट, पुरणपोळीचे भरपेट जेवण झाल्यावर स्वादुपिंडातून इन्शुलिन नावाचा रस रक्तात उतरतो आणि जादा साखर पेशींकडे व कोठाराकडे वळवितो. हे इन्शुलिन बनणेच ज्या मुलांच्या शरीरात बंद पडे, ती पूर्वी थोड्याच काळात झिजून मरत. कॅनडातील टोरोंटो शहरी १९२२ सालच्या जानेवारीत, तीस किलोही वजन न उरलेल्या चौदा वर्षांच्या एका मुलाला प्राण्यांच्या स्वादुपिंडातून काढलेले इन्शुलिन टोचण्यात आले. तो आणखी तेरा वर्षे जगला.

आता पुन्हा घामाकडे वळू. घामाने गारवा मिळतो खरा. पण तो फुकट मिळत नाही. त्याची किंमत पाण्याने व मिठाने मोजावी लागते. भर उन्हात नांगर धरणाऱ्या किंवा रस्त्यावर खडी फोडणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटर, प्रसंगी त्याहूनही अधिक घाम जातो. म्हणजे एका हिशेबाचा तोल राखताना दुसऱ्या हिशेबात तूट येते. ही तूट सांभाळण्याचे काम मूत्रपिंडांकडे आहे. त्यांची काम करण्याची रीत मोठी विलक्षण आहे. ती दिवसाकाठी रक्तातून सुमारे १८० लिटर पाणी गाळून काढतात आणि त्यांतील बहुतेक सगळे परत रक्तात घेतात. मूत्ररूपाने बाहेर जाते ते फक्त दीड लिटरच्या आसपास. जणू एखाद्या गृहिणीने रोज घरातील सगळे सामान अंगणात काढावे आणि हवे ते निवडून पुन्हा आत लावावे! पाण्याची टंचाई झाली, की मेंदूकडून निरोप येतो आणि मूत्रपिंडे पाण्याचा थेंबन् थेंब राखू लागतात.

मात्र राखणे निराळे आणि नवे मिळविणे निराळे. नवे पाणी मिळविण्यासाठी शरीराजवळ एकच उपाय आहे, तो म्हणजे तहान. रक्तातील क्षारांचे प्रमाण शेकडा एक-दोननेही वाढले, की घसा कोरडा पडतो. पोटातील पाणी रक्तात मिसळण्यास बराच वेळ लागतो. परंतु तांब्याभर पाणी प्यायल्याबरोबर तहान शमते. मेंदू तोंडाकडून व पोटाकडून आलेल्या वर्दीवर विश्वास ठेवतो. तसे नसते, तर माणूस तुटीहून कितीतरी अधिक पाणी पीत बसला असता. घामाबरोबर मीठही जात असल्याने नुसत्या पाण्याने तूट पूर्ण भरत नाही. कोळशाच्या तप्त खाणींत घाम गाळून नुसते पाणी पिणाऱ्या मजुरांच्या पोटऱ्यांत भयंकर गोळे येत. पाण्यात चिमूटभर मीठ घातले, की ते थांबत. आपल्याकडील कैरीच्या पन्ह्यात पाणी, मीठ आणि गूळ ही तिन्ही एकत्र असतात. हे पेय ज्या कोणी प्रथम केले, त्याला शरीरशास्त्र ठाऊक नव्हते; पण त्याचे अनुमान फार उत्तम होते.

या साऱ्या व्यवस्थेला मर्यादा आहे. पाणी फार कमी झाले, की रक्ताचे आकारमान घटते आणि हृदयापुढे पेच उभा राहतो. उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त त्वचेकडे पाठवावे, तर मेंदूला अपुरे पडते. मेंदूकडे राखावे, तर उष्णता आतच कोंडते. शरीर बहुधा मेंदूची बाजू घेते. त्वचेतील रक्तवाहिन्या आकसतात, उष्णतेची वाट बंद होते आणि अंग भराभर तापू लागते. शरीराची उष्णता ४० अंशांच्या वर गेली, की मनुष्य असंबद्ध बोलू लागतो, झोकांड्या देतो, कोसळतो. हाच उष्माघात. हायपोथॅलॅमसची सत्ता तेथे संपलेली असते. पुढचे काम सोबतीच्या माणसांनी करावयाचे असते. रोग्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, सर्वांगावर गार पाणी शिंपडून जोराने वारा घालावा आणि त्वरित रुग्णालय गाठावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात पाणी ओतू नये. ते फुप्फुसात जाण्याचे भय असते.

पाण्याची व मिठाची याहूनही भयंकर लूट करणारा रोग म्हणजे पटकी, अर्थात कॉलरा. त्याचे जंतू आतड्यात असे विष सोडतात, की शरीरातील पाणी उलट्या दिशेने आतड्यात धावू लागते. काही तासांतच कित्येक लिटर पाणी निघून जाते, डोळे खोल जातात, नाडी लागेनाशी होते. रोग्याला तहान असते. पण नुसते पाणी पाजले, तर तेही निघून जाते. मिठाचे पाणी शिरेतून देणे एवढाच उपाय पूर्वी हाती होता.

१९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तिसंग्रामाच्या वेळी लक्षावधी निर्वासित सरहद्द ओलांडून भारतात आले. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे त्यांच्यात कॉलऱ्याची साथ उसळली. रुग्णालयातील खाटा भरल्या, जमीनही भरली. शिरेतून द्यावयाचे द्रव संपत आले. त्या ठिकाणी डॉक्टर दिलीप महालनोबीस काम करीत होते. आतड्याच्या अस्तरातून साखर आत जाते, तेव्हा ती मिठाला सोबत घेऊन जाते आणि त्यांच्या मागोमाग पाणी जाते, आणि कॉलऱ्याचे विषही हे दार बंद करू शकत नाही, एवढी गोष्ट शास्त्रज्ञांना तोवर कळलेली होती. महालनोबीस यांनी एक लिटर पाण्यास २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे मिश्रण करविले. ते पिंपांत भरले. त्या पिंपांच्या तोट्यांखाली रोग्यांचे आईबाप, भाऊ, बहिणी पेले धरीत आणि आपल्या माणसाला घोटघोट पाजीत.

असे तोंडाने पाणी पाजून कॉलरा आटोक्यात येईल, यावर त्या काळी पुष्कळ डॉक्टरांचा विश्वास नव्हता. शिवाय प्रत्येक रोग्याला किती पाजावे, हे मोजावयास तेथे माणसे होती कोठे? परंतु हे माप बहुतांशी रोग्याजवळच होते. जो तहानलेला होता, तो ते खारट-गोड पाणी अधाशासारखे पीत असे. शरीरातील तूट भरून आली, की त्याची ओढ आपोआप ओसरत असे. बनगावच्या त्या शिबिरात तीन हजारांहून अधिक रोग्यांवर उपचार झाले. त्यापूर्वी तेथे शंभरांतले तीसच्या सुमारास रोगी दगावत असत. पेल्याने पाणी पाजण्यास आरंभ झाल्यावर ते प्रमाण शंभरांत चारांहून कमी झाले.